तापाची तारीख

रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर दाखल झाल्याची तारीख अगत्याने नोंदली जाते. परंतु जिच्यावाचून रुग्णालयातच जडणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा पत्ताच लागत नाही अशी दुसरी तारीख, म्हणजे रुग्णाला ताप प्रथम कधी भरला ती, पुष्कळदा कागदाच्या गर्दीत कोठे तरी दडून राहिलेली असते, अथवा मुळीच लिहिलेली नसते. सोलापूरच्या पूर्व भागातील एखादा वृद्ध विणकर, मागाच्या खोलीत पाय घसरून मांडीचे हाड मोडल्यामुळे, शहरातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाला आहे अशी कल्पना करावी. पहिल्या दिवशी त्यास ताप नाही, खोकला नाही, अन्नावर वासना आहे, आणि शस्त्रक्रियेची तजवीज चालू आहे. पाचव्या दिवशी सायंकाळी मात्र त्याचे अंग कसकसू लागते, घसा धरतो, कोरडा खोकला सुरू होतो आणि मध्यरात्रीपर्यंत ताप एकशे दोनवर जातो. जखमेत पू झाला असेल, लघवीच्या नळीमुळे जंतुदोष झाला असेल, सलाईनची सुई पिकली असेल, असे तर्क क्रमाने होतात आणि ते अनाठायीही नसतात. पण शेजारच्या खाटेवरचा रुग्ण तीन दिवसांपूर्वी सारखा खोकत होता, आणि वॉर्डातील मावशी परवापासून पदराने नाक पुसत काम करीत आहेत, या दोन गोष्टींची या तापाशी सांगड घालण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

ही सांगड घालण्यास लागणारे गणित अगदी सोपे आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, ज्यास वैद्यक परिपाककाल म्हणते, तो एक ते चार दिवसांचा, आणि सामान्यतः दोन दिवसांचा असतो. तेव्हा रुग्ण दाखल होऊन पुरते दोन दिवस, किंवा अधिक कडक हिशेब धरणाऱ्यांच्या मते तीन दिवस, उलटल्यानंतर ज्याला हा ताप प्रथम येतो, त्याने तो घरून आणलेला नसून रुग्णालयातच घेतलेला आहे असे मानण्याचा जगभर प्रघात आहे. या रेषेच्या अलीकडे-पलीकडे काही रुग्ण संशयाच्या पट्ट्यात राहतात हे खरे. चौथ्या दिवशी ताप आलेल्याने तो कदाचित एसटीच्या प्रवासातही घेतलेला असू शकतो. परंतु सातव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशी ज्यास हा ज्वर येतो त्याच्याविषयी अशी सबब सांगता येत नाही. तो रुग्ण एका दुखण्याचा इलाज करून घेण्यासाठी आपल्या दारी आला, आणि दुसरे दुखणे आपल्या छताखाली त्याला मिळाले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आता हा विषाणू कोणत्या वाटेने जातो हे पाहू. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा केला, आणि तो त्यांना सापडला तो फेरेट नावाच्या, मुंगसाच्या अंगलटीच्या एका प्राण्याच्या साहाय्याने. रुग्णाच्या घशातील गाळलेला स्राव फेरेटच्या नाकात सोडला असता तो प्राणी माणसासारखाच शिंकू लागला. पुढे काही वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत एक आजारी फेरेट तपासणाऱ्या तरुण डॉक्टरच्या तोंडावर शिंकला, आणि त्या डॉक्टरला इन्फ्लुएन्झा झाला. त्याच्या घशातील विषाणू फेरेटमधील विषाणूशी जुळला, आणि वैद्यकाच्या इतिहासात संसर्गाची ती साखळी कायमची नोंदली गेली. या विषयाचे सार त्या प्रसंगात आहे. जेथे आजाऱ्याची सेवा चालते तेथे आजारी आणि सेवेकरी यांची तोंडे एकमेकांपासून हातभर अंतरावर येतात, आणि हा विषाणू नेमक्या त्याच अंतरावर जगतो. शिंक, खोकला, इतकेच काय पण साधे बोलणेही, तुषारांचा एक पुंज हवेत सोडते; त्यांतील जड तुषार मीटरभराच्या आत खाली बसतात, आणि सूक्ष्म कण कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. शिवाय प्रौढ माणूस हा विषाणू लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच बाहेर टाकू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस टाकीत राहतो. लहान मुले आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे असे रुग्ण याहूनही अधिक दिवस टाकतात. म्हणजे ताप दिसल्यावर केलेला बंदोबस्त नेहमीच एक दिवस उशिराचा असतो.

महाराष्ट्राला या ज्वराची ओळख नवी नाही. १९१८ च्या 'मानमोडी'ची आठवण आपल्या खेड्यापाड्यांत दोन पिढ्या टिकून होती. तिचा या प्रदेशातील पहिला लेखी पुरावा आढळतो तोसुद्धा एका इस्पितळाच्याच दफ्तरात: १९१८ च्या जूनच्या १० तारखेस मुंबईत सात पोलीस शिपाई, ज्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती, हिवतापाहून निराळ्या अशा एका तापाने इस्पितळात दाखल झाले, आणि पुढल्या दहा दिवसांत बंदराचे कामगार, तारखाते, टांकसाळ, पेढ्या आणि गिरण्या येथून तशाच तापाच्या वर्द्या येऊ लागल्या. जूनची ती लाट सौम्य होती. सप्टेंबरात परतली ती मात्र काळ होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली, आणि मुंबई इलाख्यात या साथीने घेतलेल्या बळींचा सरकारी आकडा दहा लाखांच्या वर गेला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि उपाशी शरीरांत हा ज्वर शिरला. सोलापूरला आगगाडी १८६० सालीच येऊन पोहोचली होती, पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली होती, आणि बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग पंढरपूर व लातूर या दोन्ही टोकांना जाऊन भिडला होता. सबब मुंबईत सुटलेला रोग दख्खनच्या या कोपऱ्यात यावयास रस्ता शोधण्याची गरज नव्हती. त्या काळी विषाणू कोणी पाहिला नव्हता, त्यावर औषध नव्हते, लस नव्हती, आणि इस्पितळ म्हणजे बहुतांश लोकांच्या दृष्टीने मरणाच्या आधीचा शेवटचा मुक्काम होता. त्या वर्षी इस्पितळांतील किती रुग्णांनी हा रोग तेथेच घेतला याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि ठेवणे शक्यही नव्हते. आज ते शक्य आहे, म्हणूनच आजचा बेहिशेबीपणा मला अधिक खुपतो.

एकविसाव्या शतकातील साथ महाराष्ट्रात अवतरली ती पुण्यात. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी घेतला, तो पुण्यातील एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शहराच्या डॉ. नायडू संसर्गजन्य रोग रुग्णालयासमोर माणसांची जी रांग लागली, तिची छायाचित्रे देशभर गेली. त्या रांगेत खरे आजारी होते, साध्या पडशाने घाबरलेले होते, आणि काहीही झालेले नसता केवळ खातरजमा करून घ्यावी म्हणून कडेवर मूल घेऊन आलेल्या आयाही होत्या. आणि हे सारे जण तासन् तास एकमेकांच्या श्वासाच्या टप्प्यात उभे होते. ज्यांना संसर्ग नव्हता त्यांना तो मिळण्यास याहून सोयीची जागा शहरात दुसरी कोणती असेल असे वाटत नाही. या अनुभवाचा एक उत्तम परिणाम झाला. सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग पाडले, आणि सौम्य लक्षणांच्या 'अ' वर्गातील माणसाने तपासणीसाठीही रुग्णालयात न येता घरीच विश्रांती घ्यावी, श्वास लागलेल्या वा छातीत दुखणाऱ्या 'क' वर्गातील रुग्णालाच दाखल करावे, असा दंडक घालून दिला. पुष्कळांना हा दंडक म्हणजे सरकारने अंग काढून घेण्याचा प्रकार वाटला. माझे मत याच्या उलट आहे: ज्याला रुग्णालयाची गरज नाही त्याला रुग्णालयापासून दूर ठेवणे हे त्याच्यावरचे आणि आत पडलेल्या अशक्त रुग्णांवरचे, असे दुहेरी उपकार आहेत. तो २००९ चा विषाणू पुढे कोठे गेला नाही. तो दरवर्षीच्या साध्या फ्लूमध्ये सामील झाला, आणि २०१५ साली त्याने पुन्हा डोके वर काढले तेव्हा देशभर ४२ हजारांवर रुग्णांची नोंद होऊन तीन हजारांच्या जवळपास माणसे दगावली.

सोलापूरच्या परिस्थितीत या प्रश्नाला काही खास बाजू आहेत. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली येथे स्थापन झाले, आणि त्याला जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सारे शहर 'सिव्हिल' या एकाच शब्दाने ओळखते, ते केवळ सोलापूर जिल्ह्याचे रुग्णालय नाही. धाराशिव आणि लातूरकडील, तसेच सीमेपलीकडच्या विजयपूर व कलबुर्गी भागांतील रुग्णही सोलापूरची वाट धरतात. अश्विनी आणि मार्कंडेय ही येथील सहकारी तत्त्वावर उभी राहिलेली रुग्णालयेही अशाच विस्तृत टापूची सेवा करतात. वर्षातून अनेकदा या टापूत अफाट जनसमुदाय एकवटतो: आषाढीला पंढरपुरी लाखो वारकरी जमतात, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरातच सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाची भरती पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान, आणि पुन्हा काहीशी कमी प्रमाणात जानेवारी ते मार्चमध्ये येते. तेव्हा यात्रांचे आणि विषाणूचे पंचांग एकमेकांशी जुळते. शिवाय या शहरातील पुष्कळांची फुप्फुसे आधीच नाजूक झालेली असतात. कापसाच्या तंतूंत आयुष्य घालवलेले गिरणी कामगार आणि यंत्रमागावरील विणकर, तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया, अशा माणसांच्या छातीत इन्फ्लुएन्झा उतरला म्हणजे त्यामागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया येण्यास विलंब लागत नाही.

आणि येथे मी वॉर्डाच्या खिडक्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्या रुग्णालयांच्या चर्चेत यंत्रांचा उल्लेख पुष्कळ होतो आणि हवेचा फारच थोडा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांविषयी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात समोरासमोर उंच खिडक्या असलेल्या लांबट, उंच छताच्या वॉर्डांचा आग्रह धरला होता. जंतूंची कल्पना तेव्हा स्थिर झालेली नव्हती, पण शुद्ध हवेची निकड त्यांना अचूक कळली होती. ब्रिटिश अमदानीतील आपली कित्येक इस्पितळे याच आराखड्याने बांधली गेली, आणि आपण ती जुनाट म्हणून पाडीत आलो. पेरू देशाच्या लिमा शहरातील रुग्णालयांत केलेला व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे: क्षयाच्या संसर्गाच्या दृष्टीने तेथे खोल्यांतील हवा मोजली, तेव्हा १९५० पूर्वीच्या उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत खिडक्या उघड्या असता तासाला सुमारे चाळीस वेळा हवा बदलत होती, आधुनिक इमारतींत सुमारे सतरा वेळा, आणि यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांत बारा वेळा अपेक्षित होती. हवा कोंडली म्हणजे काय होते याचा दाखला अलास्कातील एका विमानाने १९७७ सालीच दिला होता. इंजिनाच्या बिघाडामुळे ते विमान तीन तासांहून अधिक काळ धावपट्टीवर खोळंबले, हवा खेळविणारी यंत्रणा बंद होती, आणि आत बसलेल्या चोपन्न जणांत एक आजारी प्रवासी होता. तीन दिवसांच्या आत उरलेल्यांपैकी शेकडा ७२ जण आजारी पडले. याच्याही आधी, १९५७-५८ च्या आशियाई फ्लूच्या साथीत, कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात एका इमारतीच्या छतालगतच्या हवेवर अतिनील किरणांचे दिवे सोडलेले होते. तेथील रुग्णांपैकी शेकडा दोघांना इन्फ्लुएन्झा झाला, आणि दिवे नसलेल्या वॉर्डांत शेकडा एकोणिसांना. दोन्हीकडचे रुग्ण सर्वस्वी समान होते असे म्हणता येणार नाही, तरीही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना मात्र खिडक्या उघडा हा उपदेश सहज पटणार नाही, आणि त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत चढतो, दुपारची झळ अंगाची लाही करते. मग खिडक्यांना पडदे लागतात, कूलर चालू होतात, अतिदक्षता विभागात तर वातानुकूलनाची यंत्रे तीच ती हवा थंड करून फिरवीत बसतात, आणि तेथेच सर्वांत दुर्बल रुग्ण निजलेले असतात. सुदैवाने ज्वराची भरती येते ती पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात. त्या महिन्यांत निदान साधारण वॉर्डांच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे सोलापूरच्या हवेत अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने साधारण वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला साठ लिटर ताज्या हवेचे प्रमाण घालून दिले आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गंजलेल्या बिजागऱ्या सुटत्या ठेवणे, डासांची जाळी धड असणे, आणि खिडकीसमोर जुने कपाट उभे न करणे, एवढे केले तरी बरेच काही साधते.

खाटांमधील अंतर किमान एक मीटर असावे हा नियम सर्वज्ञात आहे. पण सार्वजनिक रुग्णालयात साथीच्या दिवसांत दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर तिसरी गादी पडते, आणि दाराशी आलेल्या गरिबाला परत पाठविणे कोणत्याही सहृदय डॉक्टरला जमत नाही. अशा वेळी निदान खोकणाऱ्यांना एका टोकाला आणि हाडाच्या, प्रसूतीच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांना दुसऱ्या टोकाला ठेवणे हे शक्य असते. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्यांची गोष्ट विशेष काळजीची आहे, कारण ते धड घरचेही नसतात आणि धड दाखलही नसतात. त्यांना संसर्ग रुग्णालयातून मिळाला तरी त्यांचा ताप घरी निघतो आणि कोणाच्याच वहीत चढत नाही.

वॉर्डात हा विषाणू आणणारे बाहेरचे दोन वर्ग, नातेवाईक आणि कर्मचारी. नातेवाइकांविषयी आपल्याकडे तुसडेपणाने बोलण्याची रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांत निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात: कूस बदलणे, भरविणे, एक्स-रेला ढकलगाडी नेणे, औषध आणणे, रात्री सलाईन संपली की सिस्टरला हाक मारणे. अक्कलकोटकडच्या खेड्यातून आलेली सून सासऱ्याच्या खाटेखाली पथारी टाकते, गाठोड्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी शेजारच्यालाही देते, आणि तिला घालवून दिले तर तिच्या सासऱ्याला पाणी कोण पाजणार याचे उत्तर कोणापाशी नसते. तिला हाकलण्यापेक्षा तिला दोन वाक्ये समजावून सांगावीत: तुला खोकला असेल तर आज तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठव, आणि कोणी पाठविण्याजोगे नसेल तर हा मास्क नाकावरून बांध, हात साबणाने धू. ही दोन वाक्ये सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही सांगावी लागतात. पूर्व भागातील आजीला मराठी फलक वाचता येईलच असे नाही. साबणाचे महत्त्व येथे खरोखर मोठे आहे, कारण या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थाचे असून साबणाने ते फुटते. पोलाद आणि प्लास्टिक यांसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो एक ते दोन दिवस तग धरतो, कापडावर आठ-बारा तासांपर्यंत. म्हणून खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड आणि दाराची मूठ पुसण्यास घरून आणलेली चादर धुण्यापेक्षाही अग्रक्रम द्यावा.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. १९९३-९४ च्या हिवाळ्यात ग्लासगो येथील रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांच्या रक्ताची परीक्षा केली असता जवळजवळ चौथ्या हिश्श्याला त्या मोसमात इन्फ्लुएन्झा होऊन गेल्याचे आढळले, आणि अशांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आपल्याला फ्लू झाला होता हे आठवतही नव्हते. म्हणजे थोडी कणकण, थोडे नाक वाहणे, यांकडे दुर्लक्ष करून ते कामावर हजर राहिले. निष्ठावान माणसे असेच करतात. निवासी डॉक्टर छत्तीस तासांच्या पाळीत आपला ताप कोणाला सांगत नाही, कारण त्याच्या जागी उभे राहण्यास दुसरा कोणी नसतो. आणि कंत्राटावरील मावशी-मामांची गोष्ट तर सरळ पोटाची आहे: एक दिवस घरी बसले की एका दिवसाचा रोज बुडतो. ज्यांचा हात दिवसातून सर्वांत अधिक खाटांना लागतो, त्यांनाच आजारपणाची भरपगारी रजा नाही, अशा व्यवस्थेत संसर्ग नियंत्रणाची परिपत्रके कितीही निघाली तरी ती दफ्तरी दाखल होऊन राहतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये रुग्णालयांतील संसर्ग प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आणि त्या चांगल्या आहेत. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत कोविड आला, आणि मास्क, हात धुणे, वेगळा कक्ष हे शब्द शिपायापासून शल्यचिकित्सकापर्यंत सर्वांच्या तोंडी बसले. साथ ओसरल्यावर त्यांतील बरेचसे विसरले गेले.

रुग्णालयात फ्लू झाल्याचे वेळीच ओळखले तर करण्याजोगे पुष्कळ असते. ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत दिले तर सर्वाधिक गुणकारी ठरते. प्रौढास ते सामान्यतः दिवसातून दोनदा पाच दिवस देतात, आणि त्याच खोलीतील मधुमेही, गरोदर, कर्करोगी अशा सोबत्यांनाही डॉक्टर ते प्रतिबंधासाठी देऊ शकतात. पूर्वी तपासणीसाठी घशातील स्रावाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवावे लागत आणि अहवाल येईपर्यंत हे मोलाचे तास निघून जात. कोविडच्या काळात सोलापुरातच पीसीआर तपासणी होऊ लागल्यापासून ही अडचण मोठ्या प्रमाणावर दूर झाली आहे. आता उणीव राहिली आहे ती विचारण्याची. पाचव्या दिवशी ताप आलेल्या मांडीच्या रुग्णाच्या घशातील स्राव तपासावा हे सुचले पाहिजे, आणि सुचण्यासाठी ताप कोणत्या दिवशी आला हे कागदावर दिसले पाहिजे. कॅनडातील रुग्णालयांनी २००६ ते २०१२ या काळात ही मोजदाद केली, तेव्हा दाखल असलेल्या इन्फ्लुएन्झाच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे सहाव्या हिश्श्याने तो रोग रुग्णालयांतून अथवा वृद्धांच्या शुश्रूषागृहांतून घेतलेला होता. मोजण्याने कॅनडाची रुग्णालये बदनाम झाली नाहीत. आपल्याकडे संसर्गाची मोजदाद होते ती बहुतेक जखमांची, नळ्यांची आणि जिवाणूंची. फ्लूच्या नोंदवहीत दाखल झाल्याच्या तारखेशेजारी तापाच्या तारखेचा एक रकाना वाढविण्यास कोणाची मंजुरी लागू नये.

लसीबद्दल शेवटी लिहितो. विषाणूचे बाह्य रूप वर्षागणिक पालटते म्हणून लसही दरवर्षी नव्याने बेतावी लागते, आणि जागतिक आरोग्य संघटना तिचे घटक वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, जाहीर करते. ती शेकडा शंभर संरक्षण देत नाही. काही वर्षी ती चांगली जुळते, काही वर्षी कमी. ग्लासगोच्याच वृद्ध-रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना लस देण्याची सोय केली तेथे वृद्धांचे मृत्यू कमी झाल्याचे नव्वदीच्या दशकात आढळले होते. पुढील चिकित्सकांनी त्या अभ्यासांत उणिवा दाखविल्या, तरी तीव्र आजार टाळण्यापुरता लसीचा उपयोग सहसा कोणी अमान्य करीत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रियांना व मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देण्यास आरंभ केला, आणि त्या बाबतीत हे राज्य देशात पुढे होते. टोचल्यानंतर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि आपल्याकडील मोठी लाट पावसाबरोबर येते. सबब सोलापुरात ती घेण्याचा योग्य काळ म्हणजे मे महिना, फार तर जूनचा पहिला पंधरवडा, पंढरीच्या वाटेवर पालख्या येण्यापूर्वीचा. लस द्यावयाच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर कंत्राटावरील सफाई कामगार, ढकलगाडी ओढणारे मामा आणि डायलिसिसच्या खोलीतील सहायक यांची नावे असावीत, आणि लशीनंतर एखाद्या दिवसाची कणकण आली तर त्या दिवसाचा रोज त्यांच्या हिशेबातून कापला जाऊ नये.